ब्रसेल्स स्प्राउट्स: कडूपणा कुठून येतो आणि भाजी कुठे बिघडते

या वेळच्या पत्रांचे सरळ दोन गट पडले. एका गटाला ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्या कुळातले छोटे गड्डे, आवडतात आणि ते अधिक खरपूस कसे करायचे हे हवं आहे. दुसऱ्या गटाला ही भाजी घरातल्या दुसऱ्या कोणासाठी तरी करावी लागते आणि निदान वास तरी आवरावा एवढीच अपेक्षा आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे प्रमाण ५०० ग्रॅम स्प्राउट्सचं, तीन-चार जणांपुरतं धरावं. चमचे सपाट भरलेले: मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, छोटा ५ मिलिलिटरचा.

प्रश्न: स्प्राउट्स शिजायला लागले की घरभर कुजकट वास सुटतो. भाजी ताजी असते. मी ते अख्खे, थंड पाण्यात घालून, झाकण ठेवून, मऊ होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उकळते. चुकतं कुठे?

उत्तर: तुम्ही जे चार तपशील दिलेत, ते चारही बदलायचे आहेत.

या भाजीत गंधकाची संयुगं भरपूर असतात. कच्च्या गड्ड्यात ती वास न येणाऱ्या रूपात असतात. उष्णता जितका वेळ लागेल तितकी ती फुटत जातात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास असलेला वायू, आणि त्याच्याच कुळातली आणखी काही उग्र संयुगं बाहेर पडतात. हा वास हळूहळू वाढत नाही. कोबी उकळताना पाचव्या मिनिटापासून सातव्या मिनिटापर्यंत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण दुप्पट होतं, आणि स्प्राउट हा कोबीचा सख्खा भाऊ आहे. पंधरा मिनिटांत काय होत असेल ते तुमच्या नाकाला कळतंच आहे.

थंड पाण्यापासून सुरुवात केल्याने दुसरं नुकसान होतं. स्प्राउटमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरल्यावर, चावल्यावर ती एकमेकांना भेटतात आणि त्यातून मोहरीसारखी झणझणीत व कडसर द्रव्यं तयार होतात. हे विकर कोमट-गरम पाण्यात जोमाने काम करतं आणि पुढे तापमान वाढलं की निकामी होतं. थंड पाणी सावकाश तापवलं की त्याला कामाला भरपूर वेळ मिळतो. म्हणून भाजी नेहमी खळखळत्या पाण्यात टाकावी.

उकडायचेच असतील तर असं करा. ३ लिटर पाण्यात २ मोठे चमचे मीठ घालून पाणी चांगलं खळखळू द्या. स्प्राउट्स उभे अर्धे चिरून त्यात टाका, झाकण ठेवू नका, आच मोठीच राहू द्या. अर्ध्या फोडी ४ ते ५ मिनिटांत होतात. देठाच्या बाजूने सुरी टोचून पाहा: सुरी जायला हवी, पण किंचित अडखळत. लगेच चाळणीत काढा आणि ताटात पसरून २ मिनिटं वाफ जाऊ द्या. ढिगात ठेवले तर आतल्या उष्णतेवर शिजत राहतात आणि पाच मिनिटांची मेहनत वाया जाते.

पाणी भरपूर घ्यायचं कारणही कडूपणाच. कडू द्रव्यं आतल्या गाभ्यात जास्त असतात आणि ती पाण्यात उतरतात. अर्धा चिरलेला गड्डा मोठ्या पातेल्यात त्यातली बरीच सोडून देतो. वाफवल्यावर ती आतच राहतात, जीवनसत्त्व क सुद्धा राहतं. ज्यांना कडसर चव आवडते त्यांनी खुशाल वाफवावेत. ज्यांना ती सोसत नाही त्यांच्यासाठी वाफवणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, कितीही आरोग्यदायी म्हणून सांगितला जात असला तरी.

प्रश्न: कुकरमध्ये चालतील का?

उत्तर: चालतील, पण आम्ही सुचवणार नाही. दाब चढायला आणि उतरायला लागणारा वेळ हाच स्प्राउट शिजायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त असतो. झाकण उघडाल तेव्हा लगदा आणि वास दोन्ही तयार असतील.

प्रश्न: एकाच ताटातली भाजी मला जवळपास गोड लागते आणि नवऱ्याला कडूजहर. तो नाटक करतो असं मला वाटायचं. खरंच दोघांना वेगळी चव लागू शकते?

उत्तर: लागू शकते. ते नाटक करत नसावेत.

१९३१ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बमाइड नावाची भुकटी हाताळत होते. थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती कडू लागत असल्याची तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव येत नव्हती. त्यांनी मग इतरांना चाखायला लावली आणि माणसं दोन गटांत विभागलेली आढळली. ही विभागणी कुटुंबात वारशाने येते हे लवकरच स्पष्ट झालं, पण तिच्यामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं. त्याचं नाव टीएएस२आर३८. जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या एका ग्राहीचा आराखडा त्या जनुकात असतो.

या जनुकाची दोन रूपं सर्रास आढळतात. एक संवेदनशील, दुसरं जवळपास बहिरं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत मिळते. दोन्ही संवेदनशील असतील तर कडूपणा सणसणीत लागतो, एकच असेल तर मध्यम, आणि दोन्ही बहिऱ्या असतील तर फारसा जाणवतच नाही. आता स्प्राउटशी संबंध असा, की त्यातल्या प्रोगॉइट्रिन या संयुगापासून गॉइट्रिन तयार होतं, आणि गॉइट्रिनच्या रेणूत फॉक्स यांच्या भुकटीसारखीच नायट्रोजन-कार्बन-गंधकाची जोडणी असते. तीच ग्राही तिला पकडते.

एवढ्यावरून माणसाची आवड ठरते असं मात्र नाही. कडू ओळखणाऱ्या ग्राही आपल्याकडे पंचवीसेक प्रकारच्या आहेत. शिवाय वय, सवय आणि पहिल्यांदा भाजी कोणत्या अवस्थेत पानात पडली यांचाही वाटा असतो. संवेदनशील जिभेची कित्येक माणसं स्प्राउट्स आवडीने खातात. त्यांना फक्त वीस मिनिटं उकळलेले नको असतात.

नवऱ्यासाठी तीन गोष्टी करून पाहा. मीठ कमी पडू देऊ नका, कारण मिठातला सोडियम कडू चवीची जाणीव दाबतो. अळणी स्प्राउट नेहमीच जास्त कडू लागतो. दुसरं, तेल किंवा लोणी हात आखडता न घेता वापरा. तिसरं, कापलेली बाजू गडद तपकिरी होऊ द्या. त्या खरपूसपणात गोडसर, भाजक्या चवी तयार होतात आणि जिभेचं लक्ष तिकडे जातं.

प्रश्न: पूर्वी हे फार कडू असायचे, आता तितके नसतात असं वडीलधारे म्हणतात. वय झाल्यावर जीभ बोथट होते म्हणून, की भाजीच बदलली?

उत्तर: वयाने जिभेची धार थोडी कमी होते, पण भाजी बदलली हे खरं आहे. नेदरलँड्समध्ये बियाणं कंपनीत संशोधन करणारे हान्स फान डोर्न आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात कडूपणाचा माग काढला आणि तो मुख्यतः सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन या दोन ग्लुकोसिनोलेटांपर्यंत नेला. कोणती संयुगं मोजायची हे कळल्यावर काम सोपं झालं. बियाणं कंपन्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या वाणांमधून कमी कडू वाण शोधले आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. आज बाजारात येणारे बरेचसे स्प्राउट्स त्या वंशातले आहेत. तेव्हा लहानपणी नाक मुरडलेल्यांनी एकदा नव्याने चव घेऊन पाहायला हरकत नाही.

हंगामाचाही फरक पडतो. कडाक्याची थंडी किंवा हिमतुषार पडले की झाड साठवलेल्या पिष्टाची साखर करतं, कारण साखर विरघळलेलं पाणी सहजासहजी गोठत नाही. त्या काळात तोडलेले गड्डे स्पष्टपणे गोड असतात. उष्ण हवेत वाढलेले गड्डे सैल आणि जास्त उग्र.

प्रश्न: ओव्हनमध्ये भाजले की कधी बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे, कधी पांढुरके आणि मऊ. एकदा नीट, आकड्यांसकट सांगा.

उत्तर: ओव्हन २२० अंश सेल्सियसला लावा, पंख्याचा ओव्हन असेल तर २०० पुरे. जड, सपाट ट्रे रिकामाच आत ठेवून १० मिनिटं तापू द्या. ही पायरी गाळली जाते आणि मग रंग येत नाही म्हणून तक्रार होते.

तोवर स्प्राउट्स धुऊन पूर्ण कोरडे करा. खरोखर कोरडे, कापडात घोळवून. पानांच्या घड्यांत अडकलेलं पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं आणि तोवर भाजी भाजली जात नाही, वाफवली जाते. देठाचा सुकलेला तपकिरी भाग पातळ चकतीएवढाच कापा. जास्त कापला तर पानं सुटी होतात. बाहेरची पिवळी पानं काढा आणि उभे अर्धे चिरा, म्हणजे प्रत्येक अर्ध्याला देठाचा तुकडा राहील आणि पानं धरून ठेवेल. ४ सेंटिमीटरपेक्षा मोठे असतील तर चार भाग करा. सगळे तुकडे साधारण एकाच मापाचे हवेत. बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे हा प्रकार बहुतेक वेळा मोठे गड्डे अख्खे ठेवल्याने किंवा ट्रे वरच्या तापकाच्या फार जवळ ठेवल्याने होतो.

भांड्यात २ मोठे चमचे तेल आणि पाऊण छोटा चमचा मीठ घालून हाताने चोळा. कापलेल्या बाजूला तेल लागलंय याची खात्री करा. तापलेला ट्रे बाहेर काढा, तुकडे कापलेली बाजू खाली करून एकेक मांडा. चर्र आवाज आला पाहिजे. दोन तुकड्यांत बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाची जागा ठेवा. गर्दी झाली की वाफ कोंडते आणि मऊ, पांढुरके स्प्राउट्स मिळतात; ५०० ग्रॅमना एक मोठा ट्रे पूर्ण लागतो, किलोभर असतील तर दोन ट्रे घ्या. ट्रेवर कागद अंथरला तर धुणं सोपं होतं, पण रंग कमी येतो.

ट्रे मधल्या किंवा खालच्या फळीवर ठेवून १८ ते २२ मिनिटं भाजा. पहिली १५ मिनिटं हात लावू नका. मग एक तुकडा उलटून पाहा: अक्रोडाच्या टरफलासारखा तपकिरी झाला असेल तर थांबा, फिकट असेल तर आणखी ४ मिनिटं द्या. सुटी झालेली पानं १० मिनिटांतच कुरकुरीत होतात, ती आधी काढून घ्यावीत. स्वयंपाक करणाऱ्याने ती तिथेच खाल्ली तरी कोणी हिशेब मागत नाही.

लसूण, मध, गूळ यांतलं काहीही सुरुवातीला घालू नका. लसणाच्या चकत्या शेवटच्या ५ मिनिटांत, गोड पदार्थ शेवटच्या ३ मिनिटांत. आधी घातले तर करपून नवाच कडूपणा येतो आणि दोष भाजीला मिळतो. लिंबू किंवा व्हिनेगर ओव्हनबाहेर आल्यावर, १ ते २ छोटे चमचे. लोण्याची चव हवी असेल तर तेही शेवटीच. त्यातला दुधाचा अंश २२० अंशांना जळतो.

एअर फ्रायर असेल तर १९० अंशांना १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा हलवून. एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त भरू नका.

प्रश्न: ओव्हन नसेल तर?

उत्तर: जड बुडाचं पसरट पॅन, २८ सेंटिमीटरचं, पुरेसं आहे. आमच्या मते रोजच्या स्वयंपाकात ओव्हनपेक्षा हेच बरं, कारण रंग डोळ्यांसमोर येतो. एका वेळी ३५० ग्रॅम घ्या. २ मोठे चमचे तेल मध्यम-मोठ्या आचेवर तापवा, अर्धे तुकडे कापलेली बाजू खाली करून एका थरात लावा, मीठ भुरभुरा आणि ५ ते ६ मिनिटं अजिबात हलवू नका. चमच्याने सारखं ढवळण्याची सवय इथे नडते; प्रत्येक वेळी हलवलं की तपकिरी होऊ पाहणारी बाजू पॅनपासून सुटते. बाजू गडद झाली की ३ मोठे चमचे पाणी घाला, झाकण ठेवून २ ते ३ मिनिटं वाफ द्या, मग झाकण काढून पाणी आटू द्या. शेवटी लिंबाचा रस छोटा चमचाभर, मिरपूड, हवे तर भाजलेले बदाम किंवा अक्रोड. अर्धा छोटा चमचा मोहरीची चटकदार पेस्टही छान जमते. सिनिग्रिन मोहरीतही असतं, त्यामुळे दोन्ही चवी एकाच कुळातल्या आहेत.

झाकण आधी ठेवून मग परतायला जाऊ नका. तसे स्प्राउट्स रंग यायच्या आतच मऊ पडतात.

प्रश्न: बुडाशी फुलीसारखी चीर द्यावी असं सगळीकडे वाचलं. दिली नाही तर काय होतं?

उत्तर: काही होत नाही. कठीण देठ आणि नाजूक पानं एकाच वेळी शिजावीत हा त्यामागचा विचार, पण अर्धे चिरल्याने तो हेतू कितीतरी चांगला साधतो. फुलीने उलट पाणी आत जाऊन बसतं.

प्रश्न: उकडल्यावर हिरवागार रंग जाऊन शेवाळी-करडा होतो. सोडा घातला तर रंग टिकला, पण भाजी बुळबुळीत झाली.

उत्तर: दोन्हींचं कारण सांगतो. हिरव्या रंगाच्या हरितद्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना भाजीतली आम्लं बाहेर येतात आणि तो अणू निसटून त्याची जागा हायड्रोजन घेतो. मग रंग शेवाळी पडतो. झाकण ठेवलं की वाफेबरोबर उडून जाणारी आम्लं पुन्हा पाण्यात पडतात, आणि ५-७ मिनिटांपुढे रंग झपाट्याने उतरतो. लिंबूही म्हणूनच वाढताना पिळायचं, पातेल्यात नाही.

खाण्याच्या सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं, रंग टिकतो, पण पेशींच्या भिंतींना जोडून ठेवणारी द्रव्यं विरघळतात. बुळबुळीतपणा तिथून येतो. क जीवनसत्त्वही जातं. सोडा बाजूला ठेवा. मोठं पातेलं, उघडं तोंड आणि कमी वेळ यांनी रंग आपोआप राहतो. भाजी लगेच वाढायची नसेल तर चाळणीतून थेट बर्फाच्या पाण्यात २ मिनिटं घाला, निथळा, आणि वाढायच्या वेळी गरम तेलात मिनिटभर परता.

प्रश्न: फ्रोझन स्प्राउट्स भाजले की पाणी पाणी होतात.

उत्तर: गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून ताज्यासारखा करकरीतपणा येणारच नाही, ती अपेक्षा सोडून द्या. पण खरपूस करता येतात. आधी वितळवू नका. वितळताना सुटलेलं पाणीच भाजी बुडवतं. ओव्हन २३० अंश, ट्रे तापलेला, गोठलेले गड्डे थेट तेल लावून ट्रेवर. १५ मिनिटांनी बाहेर काढून, मऊ झालेले गड्डे सुरीने अर्धे करून कापलेली बाजू खाली ठेवा, आणखी १० ते १५ मिनिटं. ते कारखान्यात आधीच गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे उकडायची गरज मुळीच नाही.

घरी गोठवायचे असतील तर लहान ३ मिनिटं, मध्यम ४, मोठे ५ मिनिटं उकळत्या पाण्यात, तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, पूर्ण कोरडे करून ताटात एका थरात गोठवा आणि मग पिशवीत भरा. पाण्यातून न काढता गोठवले तर विकरं थंडीतही सावकाश काम करत राहतात आणि काही आठवड्यांत चव बिघडते.

प्रश्न: घेताना काय पाहायचं? किती दिवस टिकतात? कधी कधी आत काळे ठिपके दिसतात, ते खावेत का?

उत्तर: आकाराने लहान, २.५ ते ३.५ सेंटिमीटरचे, हाताला जड आणि घट्ट मिटलेले घ्या. दाबल्यावर पोकळ लागले तर सोडून द्या. देठाचा काप पांढुरका असेल तर तोडणी ताजी. गडद तपकिरी आणि भेगाळलेला असेल तर जुनी. पिवळी पानं वरवरची एक-दोन असतील तर काढता येतात, पण आतपर्यंत पिवळेपणा असेल तर वास उग्र येणारच.

न धुता, सैल पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आठवडाभर टिकतात, मात्र गोडवा पहिल्या तीन-चार दिवसांतच सर्वांत जास्त. सफरचंद आणि केळी शेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने स्प्राउट्स लवकर पिवळे पडतात. दांड्यासकट मिळाले तर तसेच ठेवा, तोडलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

बाहेरच्या पानांवर टोकदार सुरीने टिंबं दिल्यासारखे बारीक काळे ठिपके असतील तर तेवढी पानं काढून बाकीचा गड्डा खायला हरकत नाही. ओलसर, मऊ, वास येणारा काळेपणा असेल तर पूर्ण फेका. राखाडी चूर्णासारखं काही दिसलं तर तो मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, असण्याची शक्यता जास्त. मीठ घातलेल्या थंड पाण्यात अर्धे चिरून १० मिनिटं ठेवले की तो तरंगून वर येतो.

प्रश्न: कच्चे खाता येतात का? मी किसून कोशिंबीर केली, ती इतकी झणझणीत झाली की कोणी खाल्ली नाही.

उत्तर: खाता येतात, पण किसणीने नाही. किसणीत पेशी चिरडल्या जातात, आणि जितक्या पेशी फुटतील तितकी ती मोहरीसारखी द्रव्यं जास्त. धारदार सुरीने २ मिलिमीटरचे काप करा. तरी झणझणीत वाटलं तर काप थंड पाण्यात दोन-तीनदा खळबळून, निथळून, कोरडे करा. तयार झालेली उग्र द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. २५० ग्रॅम कापांना अर्धा छोटा चमचा मीठ चोळून १० मिनिटं ठेवा, मग २ मोठे चमचे लिंबाचा रस, ३ मोठे चमचे तेल, १ छोटा चमचा मध घालून कालवा. किसलेलं खारट चीज आणि गोड सफरचंदाचे काप यांच्याबरोबर ती फार छान लागते.

प्रश्न: सहा वर्षांची मुलगी तोंडात घालून लगेच थुंकते. जबरदस्ती करू का?

उत्तर: नको. कडू चवीला लहान मुलांची जीभ मोठ्यांपेक्षा तिखट असते. एक पान, खरपूस झालेलं, इतर आवडीच्या पदार्थांशेजारी ठेवा आणि त्यावर चर्चा करू नका. नव्या चवीला मूल सरावायला आठ-दहा वेळा चाखावं लागतं, कधी त्याहूनही जास्त. जबरदस्तीने भाजीची नावड पक्की होते एवढंच.

प्रश्न: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. शिवाय थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी खाऊ नयेत असंही ऐकलं. आणि पोटात वायू धरतो, त्याचं काय?

उत्तर: गोळी वॉरफरिन असेल तर ही बाब गंभीरपणे घ्या. १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये सुमारे १७७ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व के असतं, आणि ते नेमकं वॉरफरिनच्या उलट काम करतं. पूर्ण बंद करण्यापेक्षा प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवणं महत्त्वाचं. एकदम वाढवणं किंवा एकदम थांबवणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

थायरॉइडची भीती गॉइट्रिनमुळे आहे. ते ग्रंथीच्या कामात अडथळा आणू शकतं. पण १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी लोकांना चार आठवडे रोज १५० ग्रॅम शिजवलेले स्प्राउट्स देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या थायरॉइडच्या कामात फरक पडला नाही. शिजवताना ते तयार करणारं विकर निकामी होतं. आहारात आयोडीन पुरेसं असेल तर आठवड्यातून दोनदा शिजवून खाण्यात धोका नाही. आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द आमच्या शब्दाच्या वर. वाडगाभर कच्चा रस पिण्याचा उद्योग मात्र कोणीच करू नये.

वायू होतो तो तंतू आणि रॅफिनोज या साखरेमुळे. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जीवाणू तिच्यावर ताव मारतात. चार-पाच गड्ड्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा.

प्रश्न: बागेत लावले. झाड कमरेएवढं झालं, पण गड्डे घट्ट न होता फुलासारखे उघडले.

उत्तर: बहुतेक तीन कारणांपैकी एक: उष्ण हवा, भुसभुशीत माती किंवा नत्राचं खत जास्त. गड्डे धरताना दिवसाचं तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास असावं, म्हणून लावणी अशी धरा की शेवटचे दोन महिने थंडीत जातील. रोपं ६० सेंटिमीटर अंतरावर, माती पायाने घट्ट दाबून. हलणाऱ्या झाडाला घट्ट गड्डे येत नाहीत. गड्डे खालून वर तयार होतात, त्याच क्रमाने तोडा. खालचे बोराएवढे झाले की शेंडा खुडला तर बाकीचे तीन-चार आठवड्यांत साधारण एका वेळी भरतात. उघडलेले गड्डे फेकू नका; पानं सुटी करून तेलात दोन मिनिटं परतली की उत्तम लागतात. शेंड्याची पानंही कोबीसारखी खाता येतात.

प्रश्न: उरलेले स्प्राउट्स दुसऱ्या दिवशी गरम केले की पुन्हा तोच वास.

उत्तर: मायक्रोवेव्हमध्ये झाकून गरम केले की ते पुन्हा शिजतात, म्हणून. तापलेल्या पॅनमध्ये कापलेली बाजू खाली करून २ ते ३ मिनिटं, झाकण न ठेवता. किंवा गरमच करू नका: थंडगार, लिंबू आणि मोहरीच्या पेस्टबरोबर कालवून खा. फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात तीन दिवसांपर्यंत ठीक. डबा काचेचा घ्या, प्लास्टिकला लागलेला वास महिनाभर जात नाही.